पाण्याची ओळ

फ्रिज दारातच अडकला, तेव्हाच तो परत पाठवायला हवा होता, असं अनुस्वाररावांची बायको पुढे बरेच दिवस म्हणत होती. पण फ्रिज ताईने पाठवला होता. ताई म्हणजे अनुस्वाररावांची थोरली बहीण. ती दूरच्या देशात राहायची आणि तिथून फोनवर या घराचा कारभार बघायची. ताईने पाठवलेली वस्तू परत करणं म्हणजे ताईलाच परत पाठवण्यासारखं होतं, आणि ते आजवर तिच्या नवऱ्यालाही जमलेलं नव्हतं. शेवटी घराचा दरवाजा बिजागऱ्यांतून काढला, फ्रिज आत घेतला आणि दरवाजा पुन्हा लावला. तेव्हापासून तो दरवाजा उघडता-लागताना कण्हतो, पण ते असू द्या.

अनुस्वारराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचे, आणि त्यांचा लाल पेन कचेरी सुटल्यावरही सुटत नसे. एकदा इमारतीच्या सेक्रेटरीने जिन्यात सूचना लावली, ‘उद्या पाणि येणार नाही’. ह्यांनी तिथल्या तिथे ती दुरुस्त केली आणि वर सेक्रेटरीला गाठून सांगितलं, “पाणि म्हणजे हात. उद्या हात येणार नाही, असा अर्थ होतो.” सेक्रेटरी म्हणाला, “कळलं, अनुस्वारराव.” त्या सूचनेत अनुस्वाराचा काही संबंध नव्हता, हे सांगायला ते त्याच्या मागे दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. नाव चिकटायचं ते चिकटलं.

तर फ्रिज. उंच, करडा, दोन दारांचा. एका दाराच्या पोटात कोनाडा आणि कोनाड्यात नळ. पेला टेकवला की गार पाणी, बटण दाबलं की बर्फ. हे सगळं कशासाठी, तर आईसाठी.

आई आयुष्यभर शाळेत खेळ शिकवत होती. मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या मुलाला ती सांगे, “नाडी सुटलीय!” आणि मुलगा जागच्या जागी वाकून नाडी बांधे. त्याच्याबरोबर मधली चारपाच मुलंही उगाच आपापल्या नाड्या तपासत. शिट्टी तिने कधी वापरली नाही. शिट्टी हे अशक्तांचं हत्यार, असं तिचं मत होतं. निवृत्त झाल्यावर तो मैदानी आवाज तीन खोल्यांच्या घरात राहायला आला आणि घर लहान पडायला लागलं. मग तिच्या घशात एक गाठ निघाली. साधीच होती. डॉक्टरांनी ती काढली आणि काही आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं बजावलं. आईने ते शिस्तीत पाळलं. बोलायची मुभा मिळाली त्या दिवशी सगळे तिच्याभोवती जमले, आईने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. त्यानंतर तिने प्रयत्न करणंच सोडलं.

“घसा उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “आवाज यायचा तेव्हा येईल. त्या घाबरल्यात, दुसरं काही नाही. घसा ओला ठेवा, गार पाण्याचे घोट द्या, बर्फाचे तुकडे चघळू द्या.”

ताईने फोनवर यातला ‘बर्फ’ तेवढा ऐकला.

आईजवळ आता एक स्टीलचा पेला आणि चमचा असे. एकदा वाजवला तर हो, दोनदा वाजवला तर नाही, आणि सलग वाजवला तर समोरचा माणूस मूर्ख. घरात शांतता झाली होती. वर्षानुवर्षं सगळ्यांना हवी होती तीच शांतता, आणि आता ती कुणालाही सोसवत नव्हती. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर अनुस्वारराव उंबऱ्यात बूट घालूनच थोडा वेळ उभे राहत. “बूट बाहेर!” असं काही ऐकू येतंय का, याची वाट बघत. येत नसे. मग ते आपले आपणच बूट बाहेर काढत.

आता एवढ्यावर एखादा शहाणा माणूस काय करेल? बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवेल. त्यांच्या बायकोने तेच सुचवलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि रोगापेक्षा मोठं औषध देऊ नये, या मताची होती.

“अहो, बाटलीत पाणी गार होतंच की. बर्फाला ट्रे आहेत.”

अनुस्वाररावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने ‘ळ’ वगळून शब्दकोश छापायला सांगितलाय. “अगं, नळ दिलाय ना त्यांनी? दिलेल्या गोष्टीला काही अर्थ असतो. आईला मध्येच तहान लागली, बर्फ हवा झाला, तर ती हाक मारू शकत नाही. तिला स्वतःला उठून घेता आलं पाहिजे.”

यावर बायकोने मान डोलावली. हे खरं होतं.

फ्रिजबरोबर माहितीपत्रक आलं होतं. अनेक भाषांत होतं, आणि त्यांत मराठीही होती, निदान लिपी तरी तीच होती. पहिलंच वाक्य होतं, ‘प्रथम पाण्याची ओळ शोधा.’ अनुस्वारराव चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. ‘पाण्याची ओळ भिंतीतून आणा. ओळ वाकवू नका. स्त्री धागा पुरुष धाग्यावर घट्ट बसेपर्यंत फिरवा. आता गळतीमुक्त जीवनाचा आनंद घ्या.’ ओळ म्हणजे लाइन आणि धागा म्हणजे पाइपाचे आटे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा निम्मी दुपार गेली होती. उरलेली निम्मी त्यांनी लाल पेनाने पत्रक दुरुस्त करण्यात घालवली. मग कंपनीला फोन लावला.

“सर, आपली तक्रार फ्रिजबद्दल आहे की भाषेबद्दल?” पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं.

“दोन्हींबद्दल.”

“दोन्हींसाठी एक बटण नाहीये, सर.”

त्यांनी फ्रिजचं बटण दाबलं. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर त्यांना असं समजलं, की कंपनीचा माणूस येईल, पण फ्रिजच्या मागे हाताच्या अंतरावर पाण्याचा पॉइंट काढलेला असेल तरच येईल.

“कुणाच्या हाताच्या?” अनुस्वाररावांनी विचारलं.

“सर?”

“हात लहानमोठे असतात, म्हणून विचारलं.”

यानंतर पुन्हा वाद्यसंगीत लागलं ते लागलंच.

प्लंबर म्हणाला, “पॉइंट काढतो की. पण कुठे काढायचा, किती उंचीवर, ते कंपनीच्या माणसाने दाखवायला पाहिजे. तो आला की मला एक फोन टाका. मी निघालोच.”

म्हणजे पॉइंट असल्याशिवाय कंपनीवाला येणार नाही आणि कंपनीवाला आल्याशिवाय पॉइंट होणार नाही. शिवाय ‘निघालोच’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावं. दिसायला तो भूतकाळ आहे. प्लंबर लोकांच्या बोलीत मात्र तो दूरच्या आणि अनिश्चित भविष्यकाळासाठी वापरतात. असा प्रयोग कुठल्याच व्याकरणात नोंदलेला नाही, याचं अनुस्वाररावांना त्या आठवड्यात फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बातमी सेक्रेटरीला लागली. तो जिन्यातच भेटला.

“तुम्ही म्हणे पाण्याचा पॉइंट वाढवताय. कमिटीची परवानगी लागते.”

“अहो, नळ नाहीये तो. फ्रिज आहे.”

“त्यातून पाणी येतं?”

“येतं.”

“मग नळच तो.”

“बर्फसुद्धा येतो.”

सेक्रेटरी गंभीर झाला. “मग तर मीटिंगच घ्यावी लागेल. बर्फाबद्दल आपल्याकडे नियमच नाही.”

मीटिंग गच्चीवर झाली. तळमजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर बरोबर अनुस्वाररावांच्या स्वयंपाकघराखाली होतं. त्या उठून म्हणाल्या, की आमच्या भिंतीला जी ओल आलीय ती या फ्रिजमुळेच. फ्रिज अजून जोडलेलाच नाही, असं अनुस्वाररावांनी निदर्शनाला आणून दिलं. “जोडायच्या आधी ही तऱ्हा,” काकू म्हणाल्या, “जोडल्यावर आम्ही काय होड्या घ्यायच्या?” यावर बऱ्याच माना हलल्या. शेवटी असं ठरलं, की सेक्रेटरी शनिवारी दुपारी प्रत्यक्ष पाहणी करतील आणि मग काय ते सांगतील. तोवर पाण्याच्या वॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही.

घरी आल्यावर अनुस्वाररावांनी हा सगळा वृत्तान्त आईला सांगितला. आईने चमचा सलग वाजवला. तो सेक्रेटरीसाठी होता की आपल्यासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

या सगळ्यात त्यांच्या बाजूने ठामपणे उभा राहिलेला एकच माणूस होता, समोरच्या घरातले पूलवाले काका. काका नोकरीभर मोठमोठे पूल बांधत होते. “नद्या वळवल्यात मी,” असं म्हणून ते स्वयंपाकघरात आले, कमरेवर हात ठेवून फ्रिजकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीतल्या सिंककडे बघितलं. या दोघांच्या मध्ये एक दार, एक ओटा आणि बायकोची नाराजी होती. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीवरच आराखडा काढायला घेतला. पाइप सिंकखालून निघणार, ओट्याखालून जाणार, दाराच्या चौकटीवरून वळसा घेणार आणि फ्रिजमागे उतरणार.

“दाराच्या वरून पाणी चढेल का?” बायकोने विचारलं.

“वहिनी, सगळा खेळ दाबाचा आहे,” काका म्हणाले आणि पेन्सिलीने एक बाण काढला. तो बाण अजून तिथे आहे. पुसला जात नाही.

शुक्रवारी अनुस्वारराव हार्डवेअरच्या दुकानात गेले. प्लंबर हत्यारं घेऊन येईलच याची त्यांना खात्री नव्हती.

“एक पाना द्या,” ते म्हणाले.

“पान्हा कुठला? मोठा की छोटा?”

“पान्हा गाईला फुटतो. मला पाना हवाय. नट आवळायचा.”

दुकानदाराने हातातलं काम ठेवलं. “साहेब, मी हे पंचवीस वर्षं विकतोय.”

“आणि पंचवीस वर्षं चुकीचं म्हणताय.”

दुकानदाराने त्यांना जो पाना दिला तो कुठल्याच नटाला बसत नव्हता, हे नंतर कळलं. तो मुद्दाम दिला होता, असं अनुस्वारराव आजही मानतात. विद्वत्तेची किंमत मोजावी लागते, ती अशी.

शनिवार उजाडला. बायको दुकानात गेली. जाताना तिने बजावलं, “आज काही उघडू नका. जे बंद आहे ते बंदच राहू द्या.” आणि ती जिना उतरतेय न उतरतेय तोच, चमत्कार व्हावा तसा, प्लंबर दारात उभा! तो खरं तर वरच्या मजल्यावर कुणाचा तरी गळका नळ बघायला आला होता आणि मजला चुकला होता. पण अनुस्वाररावांनी त्याचा हातच धरला.

“आलात ना? मग आता सोडणार नाही.”

प्लंबरचा नाइलाज झाला. त्याने गच्चीवर जाऊन या घराचा वॉल्व्ह बंद केला, खाली येऊन फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, फ्रिजची वायर तेवढी पुरेना म्हणून ती एका एक्स्टेंशन बोर्डात खुपसली आणि बोर्ड जमिनीवर ठेवला. मग भिंतीला एक भोक पाडलं. मग सिंकखालचा जुना कॉक काढला आणि पाइपाच्या उघड्या तोंडात एक चिंधी कोंबली. मग हात पुसत म्हणाला, “वायसर नाहीये माझ्याकडे. घेऊन येतो.”

“किती वेळ लागेल?”

“हा काय, आलोच.”

‘आलोच’ हे ‘निघालोच’चंच भावंड आहे. प्लंबर गेला. अनुस्वाररावांनी वाट बघितली. पूलवाले काकाही येऊन वाट बघायला लागले. दोन पुरुष आणि समोर उघडा पाइप, अशा परिस्थितीत नुसती वाट बघणं माणसाच्या हातून होत नाही. काका म्हणाले, “पाणी तर बंदच आहे. टी जोड इथे पडलाय, टेप इथे पडलीय. तो येईपर्यंत आपण बसवून टाकू. काय आहे त्यात?”

“स्त्री धागा पुरुष धाग्यावर,” अनुस्वारराव पुटपुटले आणि सिंकखाली शिरले.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने चमचा दोनदा वाजवला. मग पुन्हा दोनदा. अनुस्वारराव आतून म्हणाले, “आई, काही होत नाही, पाणी बंद आहे,” आणि त्यांनी चिंधी ओढली.

आता त्या वेळी गच्चीवर काय चाललं होतं, ते सांगायला हवं. सेक्रेटरी पाहणीला निघाला होता. पाहणी वरून खाली करायची, हा त्याचा शिरस्ता. तो आधी गच्चीवर गेला आणि बघतो तर एक वॉल्व्ह बंद! परवानगीशिवाय! मीटिंगमध्ये एवढं ठरलं असताना! त्याने नियमाला धरून तो वॉल्व्ह पुरता उघडला आणि समाधानाने खाली उतरायला लागला.

सिंकखालून आधी एक गुरगुर ऐकू आली. मग पाण्याचा लोट सुटला तो सरळ अनुस्वाररावांच्या चष्म्यावर.

“काका! पाणी!”

“दाब! दाब!” काका पॅसेजमध्ये मागे सरत ओरडले. आता, ‘दाब फार आहे’ एवढंच त्यांना सांगायचं होतं, पण घाईत क्रियापद राहिलं. अनुस्वाररावांनी आज्ञा समजून पाइपाच्या तोंडावर तळहात दाबला. त्याबरोबर सरळ येणारं पाणी चारी दिशांना जायला लागलं. ओटा भिजला, डबे भिजले, फ्रिज समोरून भिजला, आणि नेमका तेव्हाच कण्हत उघडलेल्या दरवाज्यातून पाहणीला आत आलेला सेक्रेटरीही भिजला.

“हे काय चाललंय?” सेक्रेटरी म्हणाला आणि तोंड मिटायच्या आत त्याच्या तोंडात पाणी गेलं.

अनुस्वारराव सिंकखालून बाहेर आले. चष्मा गेला होता. पायांत चपला नव्हत्या. फरशीवर तळवे भिजतील एवढं पाणी पसरलं होतं, आणि ते आपल्या चालीने फ्रिजकडे निघालं होतं. त्यांना अंधुक दिसलं, की जमिनीवर बोर्ड आहे, बोर्डाचा लाल दिवा पेटलेला आहे आणि पाण्याची कड त्याच्यापासून वीतभर दूर आहे. पाणी बोर्डात जायच्या आत बोर्ड उचलला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. ते भिजलेल्या अंगाने, अनवाणी, पाण्यातून धावले आणि ओल्या हाताने बोर्ड उचलायला वाकले.

“हात लावू नकोस!”

आवाज एवढा मोठा होता, की वरच्या मजल्यावर कुणीतरी घाबरून टीव्ही बंद केला. अनुस्वारराव वाकलेलेच राहिले. काका होते तिथे थांबले. सेक्रेटरीचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

आई खुर्चीतून उठून उभी होती.

“मागे हो! आणखी मागे! ओट्यावर चढ. चढ म्हणते ना!”

पन्नाशी ओलांडलेले अनुस्वारराव लहान मुलासारखे उडी मारून ओट्यावर चढले आणि उकिडवे बसले.

“पूलवाले! तुमचे पाय कोरडे आहेत. मेन स्विच तुमच्या मागेच आहे, पॅसेजमध्ये. खाली ओढा. बघताय काय?”

काकांनी स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली आणि लाल दिवा विझला. त्यानंतर थोड्याच वेळात पाणी बोर्डावरून शांतपणे वाहत गेलं.

“सेक्रेटरी! वॉल्व्ह तुम्ही उघडलात ना? तोंडावर लिहिलंय तुमच्या. जा, बंद करून या. चालत नाही! धावत!”

आणि सेक्रेटरी धावला. त्या इमारतीत त्याला धावताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

लोट हळूहळू बारीक झाला, मग त्याची धार झाली, मग नुसते थेंब. अनुस्वारराव ओट्यावर बसून आईकडे बघत होते. चष्मा नसल्यामुळे त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“आई,” ते म्हणाले.

“काय?”

“तू बोललीस.”

आईचा हात हळूच गळ्याकडे गेला. तिने तिथे बोटं ठेवली, जणू आत कुणी आहे का ते बघत होती. मग अगदी हलकेच, भीत भीत, ती म्हणाली, “माझाच आहे ना हा?” आवाज घोगरा होता, मध्येच फाटत होता, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा. पण तिचाच होता. पाठीवर थाप बसल्यासारखा अंगावर येणारा.

“तुझाच,” अनुस्वारराव म्हणाले. बोर्ड, लाल दिवा आणि आपला पुढे गेलेला हात आता कुठे त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ते रडायला लागले, पण आधीच एवढे भिजले होते की कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

आईच्या आलं. तिने पाणी तुडवत जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “वेडा कुठला,” ती म्हणाली. “ओल्या हाताने! एवढं शिकून!” आणि मग, कारण सवय जात नाही, “उतर आता खाली. असा काय बसलायस माकडासारखा?”

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बादली घेऊन वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी ठिबकत होतं आणि त्या कडाडून भांडायच्या तयारीत आल्या होत्या. “मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की...” असं त्यांनी सुरू केलं, तोच आतून आवाज आला, “याच्या नावाने ओरडा हवं तेवढं, पण आधी ती बादली इकडे द्या.” काकूंनी बादली दिली. मग कोण बोललं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी साडीचा ओचा खोचला आणि भांडण विसरून पाणी उपसायला लागल्या. सेक्रेटरी धापा टाकत खाली आला आणि दारातूनच म्हणाला, “बंद केला. पाहणी झाली असं समजा.”

“आणि परवानगी?” आईने विचारलं.

“दिली,” सेक्रेटरी म्हणाला. “बर्फासकट.”

बायको संध्याकाळी घरी आली, तेव्हा जिन्यातच तिला सासूचा आवाज ऐकू आला. “कोपरा राहिला! कोपऱ्यात काय तुझा बाप येणार आहे पुसायला?” ती मधल्या पायरीवर मटकन खाली बसली. पर्स मांडीवर घेऊन तिने तो सगळा ओरडा शेवटपर्यंत ऐकला, एखादं गाणं ऐकावं तसा. मग डोळे पुसून वर आली, ओलं स्वयंपाकघर, भिंतीतलं भोक आणि पिळून वाळत घातलेला नवरा बघितला, आणि म्हणाली, “मी काय सांगून गेले होते?” पण तिच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता. तिने आईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

ताईचा फोन आला. फोन आईने घेतला आणि “हॅलो” म्हणाली.

“वहिनी, फ्रिज जोडला का?” ताईने नेहमीच्या घाईत विचारलं. “आणि आई कशी आहे? तिला फोन दे, मी नुसती बोलते, तिने ऐकलं तरी चालेल. आणि तुझा आवाज असा का बसलाय?”

“माझा आवाज असाच आहे आता,” आई म्हणाली. “आईच बोलतेय.”

पलीकडे एकदम काहीच ऐकू येईना. ताई गप्प बसलीय, असं त्या घराच्या इतिहासात आधी घडलेलं नव्हतं. मग हुंदका ऐकू आला.

“रडू नकोस,” आई म्हणाली. “तुझ्या फ्रिजने इथे आधीच पुष्कळ पाणी केलंय.”

डॉक्टरांनी घसा तपासला, खूश झाले, आणि रोज थोडं थोडं, हळू आवाजात बोलायला सांगितलं. त्यातलं ‘रोज’ आईने मनापासून पाळलं. काकूंच्या छताला अनुस्वाररावांनी स्वतः शिडीवर चढून रंग दिला. आईने खाली उभी राहून कुठे राहिलंय ते दाखवलं. कंपनीच्या माणसाला आणि प्लंबरला एकाच वेळी बोलावण्याचं कामही तिनेच हातात घेतलं. दोघांना तिने फोनवर काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण दोघेही सांगितलेल्या वेळेच्या आधीच येऊन जिन्यात एकमेकांकडे संशयाने बघत उभे होते. बोर्ड या खेपेला जमिनीवर नव्हता. प्लंबरने वायसरही आणला होता.

पाणी आलं. सुरुवातीचं पाणी ओतून टाकायचं असतं, ते कुंड्यांना घातलं. मग सगळे बर्फाची वाट बघत बसले, पूलवाले काकासुद्धा. खूप वेळाने फ्रिजच्या पोटातून गडगडाट झाला आणि पेल्यात बर्फाचे तुकडे पडले. काकांनी टाळ्या वाजवल्या.

आईने एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तुकडा मोठा होता. गाल फुगला. आता तिला बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि तेवढ्यापुरती घरात शांतता झाली. नळाचा थेंब ऐकू यावा, एवढी. बायकोने अनुस्वाररावांकडे बघितलं. अनुस्वारराव आईकडे बघत होते आणि श्वास घ्यायचा विसरले होते.

मग आईने कडाकडा बर्फ फोडला, गिळला, आणि डोळे उघडून भिंतीकडे बघितलं.

“पाइप वाकडा बसवलाय,” ती म्हणाली.

“हो आई,” अनुस्वारराव म्हणाले, आणि त्यांचा श्वास सुटला. “बरोबर आहे तुझं. वाकडाच आहे. आणखी काय काय चुकलंय, सांग ना.”

आईने खुर्ची पुढे ओढली, ऐसपैस बसली आणि सांगायला लागली.